ग्रिल आणि स्मोकरसाठी लोणारी कोळशाची निवड : प्रकल्प नोंदी, बेळगाव

५ ऑक्टोबर

उद्यमबागेतून दोन्ही ड्रम तयार होऊन आले. एक २०० लिटरचा उभा, स्मोकरसाठी, म्हणजे झाकण लावून मंद आचेवर, धुरात मांस शिजवायला. दुसरा तसलाच, पण आडवा चिरून पायांवर बसवलेला, ग्रिलसाठी. दोन्ही ड्रमच्या आतला रंग आणि अस्तर लाकडाच्या मोठ्या जाळात जाळून काढलं, वायरब्रशने पत्रा उघडा केला आणि गोडेतेलाचा हात देऊन पुन्हा तापवलं. जाळ्या साध्या लोखंडाच्या घेतल्या. गॅल्व्हनाइज्ड जाळी निखाऱ्यावर ठेवायची नाही, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो.

स्मोकरच्या तळाशी पाऊण इंची तीन भोकं, तिन्हींना निपल (पाइपचे आटेदार तुकडे) आणि एकाला हवा कमी-जास्त करायला बॉल व्हॉल्व्ह. उरलेल्या दोघांना टोपणं. झाकणात अर्ध्या इंचाची आठ भोकं. कोळशाची टोपली एक्स्पांडेड जाळीची, ३५ सेंमी व्यास, २८ सेंमी उंच, खाली राख पडायला ८ सेंमी जागा. मांसाची जाळी टोपलीच्या तळापासून साधारण ६० सेंमी वर.

कोळशाकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. ग्रिलला वीस मिनिटांत धग आणि तासभर ती टिकणं. स्मोकरला ११०-१२० अंशांवर सहा-सात तास, मध्ये झाकण न उघडता. दोन्हीकडे एकच पोतं चालेल असं धरून खरेदी केली की एका ठिकाणी तरी फसतं.

९ ऑक्टोबर

नमुने गोळा केले. प्रत्येकी एक पोतं, २० किलोचं.

क : वेडी बाभूळ, गोकाक-सौंदत्तीच्या कोरड्या पट्ट्यातली. तिकडे ती बळ्ळारी जाली म्हणूनच मागायची.
ख : ऑस्ट्रेलियन बाभूळ, खानापूर बाजूच्या लागवडीतली, जाड ओंडक्यांची.
ग : मिश्र कोळसा, पेठेतला, इस्त्रीवाले आणि कणीसवाले नेतात तो.
घ : सुरूचा कोळसा, कारवारकडून आलेला.
च : करवंटीचा कोळसा.

काय घेतलं नाही तेही लिहून ठेवतो, कारण बेळगावात या गोष्टी सहज हाताशी येतात. फाउंड्रीचा हार्ड कोक आणि दगडी कोळसा खाण्याच्या आसपास नको, गंधक असतं. बॉयलरसाठी विकले जाणारे व्हाइट कोलचे दांडे हा कोळसाच नव्हे. तो दाबलेला भुसा किंवा चिपाड असतं, भाजलेलं नसतं. धूर करून सगळं कडू करतं. चंदगड-खानापूरकडे काजूची टरफलं जाळायला फुकट मिळतात, पण त्यांतल्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. ती पेटवायलासुद्धा वापरायची नाहीत.

धावडा आणि खैर यांचा कोळसा उत्तमच. पण तो बहुतेक वेळा जंगलातून आलेला असतो आणि कोळसा हे कर्नाटक वन कायदा, १९६३ नुसार वनोत्पादन आहे. बिल आणि वाहतुकीचा पास नसेल तर घ्यायचा नाही. भीमगड अभयारण्याच्या कडेने येणारं पोतं स्वस्त मिळतंय म्हणून तर मुळीच नाही.

१२ ऑक्टोबर

पोती ताडपत्रीवर उलटी केली. उलटीच करायची, कारण वरच्या हातभर थरात निवडक तुकडे असतात आणि खरा माल तळाला. दुकानातच सांगावं, "मामा, तोंडाचं राहू दे, तळातलं दाखवा." दाखवायला जो तयार नसेल त्याच्याकडून पोतं उचलायचं नाही.

खडी चाळायच्या २० आणि ४० मिमीच्या चाळण्या आणि ८० मिमीसाठी सळईचं वेल्ड केलेलं चौकट. तीन पोत्यांची वजनं :

क : ८० मिमीच्या वर ३.१ किलो, ४० ते ८० मधले ९.४, २० ते ४० मधले ४.६, त्याखाली चुरा २.९.
ख : ५.८, ८.२, ३.७, चुरा २.३.
ग : ०.९, ५.६, ७.३, चुरा ६.२.

ग मध्ये जवळजवळ एक तृतीयांश चुरा. इस्त्रीच्या पेटीत तो चालतो, तिथे थर पातळ असतो आणि इस्त्री हलत राहते. टोपलीत तोच चुरा फटी बुजवतो. घ मध्ये तुकडे लांब, मनगटाएवढे गोल, चुरा कमी. च ची चाळण केली नाही. करवंटीचे तुकडे चपटे-वाकडे असतात, त्यांना चाळणीचा आकडा लावून काही कळत नाही.

पोत्यात कोळशाशिवाय काय निघालं हेही बघितलं. ग मध्ये दगड, एक खिळा आणि सरळ काटकोनात कापलेल्या दोन-तीन पट्ट्या. काटकोनी तुकडा म्हणजे फर्निचरचा किंवा पॅकिंगचा उरलेला माल असण्याची शक्यता मोठी. त्यावर रंग, गोंद, सनमायका काहीही असू शकतं. असे तुकडे वेगळे काढून टाकून दिले. एका पोत्यात एक-दोन निघाले तर निवडून टाकता येतात. मूठभर निघाले तर पोतंच परत.

१३ ऑक्टोबर

पक्का (पूर्ण भाजलेला) की कच्चा (अर्धवट भाजलेला), हे तपासण्याचा दिवस. कोळशाच्या निवडीत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, झाडाच्या नावाने नव्हे.

दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. पक्का कोळसा खणखणीत वाजतो, कच्चा थडथड करतो. मग तुकडा मोडायचा. पक्क्याची मोड काळी, चमकदार, बोटाला थोडीच काजळी लागते आणि लाकडाची वर्तुळं स्पष्ट दिसतात. कच्चा नीट मोडतच नाही, आत तपकिरी रेषा असते आणि नाकाशी धरला की जळक्या लाकडाचा आंबूस वास येतो. ख मधले ८० मिमीच्या वरचे तुकडे मोडून बघितले तर बऱ्याच तुकड्यांच्या गाभ्यात ही तपकिरी रेषा आहे. ओंडका जाड, भट्टी लवकर बंद केलेली, त्यामुळे बाहेरचं भाजलं आणि आतलं राहिलं. क मध्ये असे तुकडे तुरळक. ते भट्टीच्या कडेचे असावेत.

भट्टीवाला लवकर का थांबतो, हे समजून घेतलं तर खरेदी करताना डोळे उघडे राहतात. ३०० अंशांवर थांबवलेल्या कोळशात स्थिर कार्बन साधारण ६८ टक्के असतो आणि उडून जाणारा भाग ३१ टक्के. ५०० अंशांपर्यंत नेला तर कार्बन साधारण ८६ आणि उडणारा भाग १३. पण कोरड्या लाकडाच्या मानाने हाती येणारं वजनही ४२ टक्क्यांवरून ३३ वर येतं. म्हणजे विकताना काटा वजनाचा असेल तर कच्चा माल भट्टीवाल्याला जास्त पैसे देतो. घेणाऱ्याला मात्र तो उडणारा भाग धूर होऊन मिळतो. निर्यातीच्या पोत्यांवर दिसणाऱ्या ईएन १८६०-२ या युरोपीय मानकात स्थिर कार्बन किमान ७५ टक्के, राख आणि ओल प्रत्येकी कमाल ८ टक्के अशी अट आहे. आपल्यासाठीही हाच गज ठेवला.

घरगुती पडताळणी : पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्यापर्यंत तुकडे भरायचे, झाकण गच्च बसवायचं, झाकणात खिळ्याने ३ मिमीचं एकच भोक. डबा उघड्यावर, गॅसच्या मोठ्या आचेवर ठेवायचा. आधी वाफ येते, ती ओलीची. ती संपल्यावर पक्क्या कोळशातून फारसं काही येत नाही. कच्च्यातून पिवळट-पांढरा दाट धूर सुटतो आणि भोकाशी काडी लावली तर ज्योत धरतो. ख च्या जाड तुकड्यांनी ज्योत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. क आणि घ मधून थोडी फुरफुर. करवंटीतून वाफेनंतर जवळजवळ काहीच नाही. ही तपासणी खोलीत करायची नाही आणि भोक बुजू द्यायचं नाही, नाहीतर झाकण उडतं.

१८ ऑक्टोबर

ओल मोजली. प्रत्येक पोत्याच्या मधल्या भागातून किलोभर घेऊन अंगठ्याएवढे तुकडे केले, ओव्हनच्या ट्रेमध्ये एका थरात पसरून १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवले. चार तास पुरतात. १२० च्या वर न्यायचं नाही आणि चुरा तापवायचा नाही, कोरडा बारीक कोळसा आतल्या आत धुमसू लागतो.

क ५ टक्के, घ ६, च ५, ग ९, ख ११.

ख ची ओल खानापूरच्या हवेची. पावसाळाभर तिकडे गोदामात ठेवलेला कोळसा हवेतलीच ओल ओढून घेतो. ग मध्ये मात्र तळाचे तुकडे वरच्यापेक्षा ओले होते, म्हणजे पाणी मारलेलं. धूळ बसावी म्हणून थोडं मारतात, वजनासाठी जास्त मारतात. ओळखायला सोपं आहे : पोत्याच्या बाहेरून हात फिरवला की बारदान तळाशी गार लागतं.

ओल्या कोळशाचे तीन त्रास. पेटायला वेळ लागतो. तडतड करून ठिणग्या उडवतो, कारण आत अडकलेली वाफ तुकडा फोडते. आणि पाणी उडवण्यात गेलेली धग जाळीपर्यंत पोचत नाही. ठिणग्यांचं दुसरं कारण साल. बाभळीच्या तुकड्यांना साल चिकटलेली असेल तर ती हाताने खरवडून काढली, राखही त्यामुळे कमी पडते.

ख काळ्या ताडपत्रीवर पसरून ऑक्टोबरच्या उन्हात ठेवला, संध्याकाळी झाकून. चार उन्हं दाखवली की काम होतं. सकाळचं दव उतरल्याशिवाय उघडायचा नाही.

२६ ऑक्टोबर

ग्रिलवर जाळून बघितलं. पेटवायला तेलाच्या १५ किलोच्या डब्याची चिमणी : तळाला आणि खालच्या बाजूंना भोकं, तळापासून ८ सेंमीवर सळयांची जाळी, बाजूला लाकडी मुठीचं कडं. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, त्यांवर चमचाभर गोडेतेल. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नाही. कोळसा सच्छिद्र असतो, तेल शोषून धरतो आणि वास मांसात उतरतो.

प्रत्येक वेळी १.५ किलो, ४०-८० मिमीचे तुकडे. वरच्या तुकड्यांच्या कडांवर राखाडी साय येईपर्यंत थांबायचं, मग ओतायचं. क १८ मिनिटांत तयार, घ साधारण तितकाच. न चाळलेला ग अर्ध्या तासानेही वरून काळा, कारण चिमणीतून हवाच चढत नव्हती. चाळून घेतलेला ग मात्र २० मिनिटांत आला. चाळणीने किती फरक पडतो याचा यापेक्षा सरळ पुरावा नको.

ड्रमच्या एका बाजूला दुहेरी थर, दुसरी बाजू मोकळी. जाळी निखाऱ्यापासून १२ सेंमीवर. हात जाळीच्या वर वितभर धरून मोजायचं : दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर कडक आच, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. क ने कडक आच पाऊण तास धरली, मग मध्यमवर उतरला. कोंबडीच्या तंगड्या आधी मोकळ्या बाजूला झाकण टाकून शिजवल्या, हाडाजवळ ७४ अंश आल्यावर निखाऱ्यावर फक्त साल खरपूस करायला आणल्या. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की भडका आणि काजळी, हे कोणत्याही कोळशात होतं. तो कोळशाचा दोष नाही.

८० मिमीच्या वरचे तुकडे ग्रिलसाठी नकोत. एक बाजू लाल, दुसरी काळी, आणि मध्ये मोठ्या पोकळ्या. तंगडी कच्ची राहते ती नेमकी त्या पोकळीवर. मोठे तुकडे हातोडीच्या एका टोल्यात फोडता येतात, पण पोत्यातच टाकून फोडले तर चुरा वाढतो. विटेच्या कडेवर एकेक धरून फोडायचे.

२ नोव्हेंबर

करवंटी. झटकन पेटते, धूर नाही, धग जबर, आणि अर्ध्या तासात ओसरते. बांगडा, सुरमईचे काप, पनीर, मक्याची कणसं यांना याहून चांगलं काही नाही. भरताचं वांगं मात्र यावर नको, सालीला लागतं आणि गर कच्चा राहतो.

स्मोकरच्या टोपलीत करवंटी एकटी भरू नये. वाकडे तुकडे वाट्यांसारखे एकात एक बसतात, थराथरांत हवा अडते.

९ नोव्हेंबर

स्मोकर, लांब जाळ. मांस न ठेवता, फक्त कोळसा आणि थर्मामीटर. एक प्रोब (थर्मामीटरची तापमान मोजणारी सळई) जाळीच्या मध्यावर, एक कडेला. झाकणावरच्या घड्याळी थर्मामीटरवर भरवसा ठेवायचा नाही, तो जाळीपेक्षा पुष्कळ वेगळा आकडा दाखवतो.

टोपलीत ४.५ किलो न पेटवलेला कोळसा, मध्ये मुठीएवढा खड्डा, त्यात चिमणीत पेटवलेले सुमारे ४०० ग्रॅम निखारे. आग मध्यातून हळूहळू बाहेर सरकते. सगळा कोळसा आधीच पेटवून टाकला तर तापमान १८० च्या वर जातं आणि भोकं बंद करूनही लवकर उतरत नाही.

ख (उन्हात वाळवलेला, तपकिरी गाभ्याचे तुकडे निवडून काढलेले, ४० मिमीच्या वरचे) : तिन्ही भोकं उघडी ठेवून सुरुवात. ९० अंश दिसताच दोन बंद, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अर्धा. १०० ची वाट बघत बसलं की वर जाणारं तापमान हातातून निसटतं, म्हणून आधीच आवळायचं. पाऊण तासात ११५ वर स्थिरावला आणि सात तास ११० ते १२२ मध्ये राहिला. दुपारी पूर्वेचा वारा व्हॉल्व्हच्या तोंडावर आला तेव्हा दहा अंश चढला. ड्रम फिरवून व्हॉल्व्ह वाऱ्याच्या पाठीला केला की उतरला. तासाला सरासरी अर्धा किलोच्या आसपास कोळसा खर्च.

क (तेच माप) : तसाच स्थिर, पण तास थोडे कमी, कारण तुकडे बारीक आणि टोपलीत सरकून बसतात.

ग (न चाळलेला) : तिसऱ्या तासाला ८५ वर. टोपलीला लोखंडी सळईने ठोकलं, राख पडली, दहा-पंधरा मिनिटं पुन्हा वर, मग परत खाली. झाकण उघडून बघितलं तर खालचा थर चुरा आणि राख यांनी लिंपल्यासारखा. हवेला वाटच नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याचा मोह होतो. त्याने जिथे फट आहे तिथे आग उसळते आणि एका कडेला मांस करपतं. उपाय एकच, भरण्याआधी चाळणं.

टोपली भरण्याची पद्धतही नोंदवतो. ओतायची नाही. मोठे तुकडे तळाला, उभे-आडवे, मधले त्यांच्यामध्ये, २०-४० मिमीचे थोडे वर. तळाला मोठे असले की राख फटींतून खाली पडत राहते.

पहिली २०-३० मिनिटं पांढरा दाट धूर येतो. त्यात मांस ठेवायचं नाही. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मग. पांढरा धूर तासाभरानेही ओसरला नाही तर कोळसा कच्चा किंवा ओला आहे, दुसरं कारण सहसा नसतं.

हे सगळं उघड्यावर. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. पाऊस आला म्हणून ड्रम गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ओढायचा नाही, शटर उघडं असलं तरी.

१० नोव्हेंबर

राख वजन केली. प्रत्येक जाळाच्या शेवटी सगळी भोकं बंद करून विझवलेला कोळसा वेगळा काढला, उरलेली राख बारीक चाळणीतून. क आणि ख ची जळालेल्या वजनाच्या ३ ते ४ टक्के, ग ची ७ च्या वर. जास्त राखेची कारणं साल, माती आणि चुरा. माती भट्टीवर टाकलेली असते, भट्टी उघडताना कोळशात मिसळते. राख पांढरट आणि हलकी असेल तर ठीक. खाली काचेसारखे गोळे सापडले तर माती-वाळू बरीच होती असं समजावं.

विझलेला कोळसा टाकायचा नाही. हलवून राख झाडली की तो नव्यापेक्षा लवकर पेटतो आणि धूर जवळजवळ करत नाही. एक भाग जुना, दोन भाग नवा असं मिसळायचं, जुना मध्यभागी. विझवलेला कोळसा झाकणाच्या लोखंडी डब्यातच २४ तास ठेवायचा, मग पोत्यात. वरून गार लागणाऱ्या तुकड्याच्या आत निखारा राहतो आणि बारदान पेटतं.

१६ नोव्हेंबर

धुराचं लाकूड. पक्का कोळसा धग देतो, वास फारसा देत नाही. "अमुक झाडाचा कोळसा, म्हणून अमुक स्वाद" हे पोत्यावर छापलेलं वाचून पैसे जास्त मोजू नयेत. ५०० अंशांवर भाजताना स्वादाची बहुतेक द्रव्यं उडून गेलेली असतात. स्वाद हवा तर कोळशात सुकं लाकूड ठेवायचं.

पेरू सगळ्यात चांगला, गोडसर आणि सौम्य. बागांची छाटणी होते तेव्हा फांद्या मिळतात. आंबा चांगला, चिकू चांगला, चिंच जरा उग्र, मटणालाच लावावी. सहा महिने सावलीत वाळवलेल्या, साल काढलेल्या, ८०-१०० ग्रॅमच्या ढलप्या. दोन-तीन पुरतात. पाण्यात भिजवायच्या नाहीत. पाणी लाकडात खोल जात नाही, फक्त वाफ होते आणि आग मंदावते. एक ढलपी पेटत्या निखाऱ्यांच्या कडेला, बाकीच्या न पेटलेल्या कोळशात पुरलेल्या, म्हणजे आग पोचेल तशी एकेक धुमसते.

कडुलिंब नको, कडू. निलगिरी नको, तेलकट धूर. पाइनची खोकी नकोत, राळेची काजळी बसते. कण्हेर विषारी, ती काटकी म्हणूनसुद्धा नको. बिब्ब्याच्या लाकडाजवळ जायचं नाही.

२३ नोव्हेंबर

बकऱ्याचा खांदा, हाडासह १.८ किलो. आदल्या रात्री मीठ आणि बेळगावी मटणमसाला चोळून ठेवलेला, तेल अगदी थोडं. टोपलीत निवडलेला ख ३ किलो, विझवून ठेवलेला जुना १.५ किलो, पेरूच्या तीन ढलप्या. खांदा ठेवला तेव्हा जाळीवर ११६ अंश.

मांसाचं आतलं तापमान ७० च्या आसपास आल्यावर बराच वेळ हललं नाही. पृष्ठभागावरून पाणी उडतंय आणि तेच मांस गार ठेवतंय, म्हणून असं होतं. इथे कोळसा वाढवायचा नाही, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. कोळसा स्थिर आहे की नाही याची खरी परीक्षा याच दोन तासांत होते. ग वर केलं असतं तर नेमकी इथेच टोपली ठोकावी लागली असती, राख उडून मांसावर बसली असती. रंग गडद झाल्यावर केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेवला. ९४ ला काढला, अर्धा तास तसाच ठेवला, हाड हाताने निघालं. टोपलीत किलोभर कोळसा शिल्लक.

धुराचा थर सालीखाली गुलाबी, चव स्वच्छ, जिभेवर कडवटपणा नाही. कडवटपणा असता तर आधी कच्चा गाभा शोधला असता, मसाला नंतर.

३० नोव्हेंबर

दर लावायची रीत. पोत्याचा भाव नव्हे, वापरण्याजोग्या किलोचा भाव काढायचा. समजा २० किलोचं पोतं ४० रुपये किलोने ८०० ला मिळालं. चुरा ३ किलो, ओल ८ टक्के म्हणजे १.६ किलो, कच्चे तुकडे आणि दगड ०.८ किलो. हाती उरला १४.६ किलो. म्हणजे खरा भाव जवळजवळ ५५ रुपये. ४८ रुपये किलोचं कोरडं, चाळलेलं पोतं त्यापेक्षा स्वस्त पडतं. पाटीने किंवा डब्याने विकत असतील तर हलक्या लाकडाचा कोळसा घ्यायचा नाही. किलोमागे उष्णता पक्क्या कोळशांत फारशी बदलत नाही, पण आंब्यासारख्या हलक्या लाकडाच्या पाटीत किलोच कमी बसतात.

हंगामासाठी ठरलेला माल :
ग्रिलला क, ४०-८० मिमी, २०-४० चालेल, मोठे फोडून. गोकाकच्या भट्टीवाल्याशी बोलणं झालं, चाळून देणार, चुरा २० किलोमागे एक किलोपर्यंत मान्य, त्यावरचा वजा.
स्मोकरला घ मिळेल तेव्हा घ. नाही तर ख, पण ओंडका मनगटापेक्षा जाड नको आणि प्रत्येक पोत्यातले पाच मोठे तुकडे मोडून बघितल्याशिवाय पैसे नाहीत.
मासळीला च, एक पोतं.
ग बंद.

खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये, भट्ट्या कोरड्या असतात तेव्हा. मृगाच्या आधी सगळा माल क्लॅम्पच्या झाकणाच्या ड्रममध्ये भरायचा, ड्रम विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा लगेच बंद ड्रममध्ये भरायचा नाही. तो हवेतला ऑक्सिजन ओढून तापतो, दोन-तीन दिवस उघड्यावर, पातळ पसरून, नजरेखाली ठेवायचा. चाळून निघालेला चुरा वेगळ्या पोत्यात. शेणखतात मिसळून वाफ्यात घालायला वडगावचे मळेवाले नेतात, फक्त त्यात राख आणि मीठ-मसाल्याचे थेंब पडलेले तुकडे जाऊ द्यायचे नाहीत.